मूळ नोंद आणि तिच्या प्रती
संगणकातील डेटाबेस परस्परांशी जुळते कसे ठेवले जातात?

प्रशासनाचा सारा व्यवहार नोंदीवर उभा असतो. जमिनीचा अधिकार, जन्म आणि मृत्यू, शिधापत्रिका, घरपट्टी, शाळेचा पट, निवृत्तिवेतन यांपैकी एकही बाब नोंदीवाचून सिद्ध होत नाही. पूर्वी ही नोंद बांधीव वहीत असे. आता ती संगणकातील डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस म्हणजे ठरावीक रकान्यांत बसवलेला, हवा तेव्हा शोधता आणि दुरुस्त करता येणारा माहितीचा साठा. वही आणि डेटाबेस यांत एक मोठा फरक आहे. वही एकाच जागी असते आणि ती पाहण्यासाठी माणसाला तिच्यापर्यंत जावे लागते. डेटाबेसकडून मात्र आपण अशी अपेक्षा करतो की तो जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याच्या कचेरीत, गावातील सेवा केंद्रात आणि शेतकऱ्याच्या हातातील मोबाइलवर एकाच वेळी हजर असावा. ही अपेक्षा एका यंत्राने पुरी होत नाही. म्हणून एका मूळ डेटाबेसच्या अनेक प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात, आणि त्याबरोबरच या सर्व प्रती मुळाशी सतत जुळत्या कशा ठेवायच्या, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, आपला नाही, असे कोणास वाटेल. समजा, एका शेतकऱ्याने विकास सोसायटीचे कर्ज घेतले आणि त्याचा बोजा सातबाऱ्याच्या इतर अधिकारांत चढला. मूळ डेटाबेसमध्ये ही नोंद सकाळी ११ वाजता पक्की झाली. दुपारी १२ वाजता दुसऱ्या गावच्या सेवा केंद्रातून त्याच गटाचा उतारा काढला गेला; परंतु त्या केंद्राला उत्तर देणारी प्रत दोन तास मागे होती. उताऱ्यावर बोजा नाही. खरेदीदाराने त्यावर विसंबून विसार दिला. या प्रकारात कोणी खोटे बोलले नाही, कोणी कागदात फेरफार केला नाही, कोणतेही यंत्र बंद पडले नाही. तरीही एका माणसाची रक्कम अडकली. म्हणून ज्यांच्या सहीशिक्क्याने असे दाखले दिले जातात त्यांना प्रती कशा चालतात याची किमान माहिती असणे अगत्याचे आहे.

प्रत आणि प्रतिकृती

प्रथम दोन शब्दांतील भेद स्पष्ट करू. दररोज रात्री डेटाबेसची नक्कल काढून ती अन्यत्र ठेवली जाते, तिला राखीव प्रत म्हणतात. ती काढल्या क्षणी गोठते. दुसऱ्या दिवशी मुळात झालेला बदल तिच्यात येत नाही आणि येऊही नये. प्रतिकृती डेटाबेस हा वेगळा प्रकार होय. तो चालू असतो, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो आणि मुळात होणारा प्रत्येक बदल आपल्यात उतरवून घेतो. मूळ यंत्र जळाले तर काम पुढे चालावे, हजारो वाचकांचा भार एकाच यंत्रावर पडू नये आणि दूरच्या वाचकाला जवळून उत्तर मिळावे, यासाठी प्रतिकृती ठेवतात. सर्वसाधारण व्यवस्था अशी असते की लिहिण्याचा अधिकार केवळ मूळ डेटाबेसला असतो. प्रतिकृती फक्त वाचण्यासाठी खुल्या असतात.

आता जुळणी कशी ठेवायची? सर्वांत सोपा उपाय म्हणजे दर तासाला संपूर्ण डेटाबेस पुन्हा पाठवावा. काही शेकडा नोंदी असतील तर हा उपाय चालतो. कोट्यवधी नोंदी असतील तर एक फेरी पुरी होण्याच्या आतच दुसरीची वेळ येते. शिवाय तासाभरात बदललेल्या ओळी असतात मूठभर आणि वाहून न्यायचा असतो सारा डोंगर. म्हणून केवळ बदल पाठवण्याची पद्धत रूढ झाली, आणि तिचे तत्त्व महसूल खात्याशी संबंध आलेल्या वाचकास मुळीच नवे वाटणार नाही.

फेरफार नोंदवहीचे तत्त्व

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० अन्वये जमिनीच्या अधिकारात बदल झाला की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो बदल थेट सातबाऱ्यावर लिहीत नाहीत. तो प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पुढील क्रमांक देऊन लिहिला जातो. नोंदीची प्रत चावडीत लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकत असल्यास तिची नोंद होते, सक्षम अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्याला दिला जातो. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात दिसणारा आकडा त्या फेरफाराचा असतो. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कोणत्या पायऱ्यांनी आली ते फेरफार नोंदवही सांगते. सातबाऱ्याचे पान गहाळ झाले, परंतु त्याची एखादी जुनी विश्वसनीय प्रत आणि त्यानंतरचे सर्व फेरफार हाती असले, तर ते पान पुन्हा बांधता येते.

डेटाबेसमध्येही हेच घडते. प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत लिहिला जातो. तंत्रज्ञ तिला लॉग म्हणतात. लॉगमधील प्रत्येक नोंदीला स्थानक्रमांक असतो. मूळ डेटाबेस हा लॉग प्रतिकृतींकडे पाठवत राहतो आणि प्रत्येक प्रतिकृती त्यातील नोंदी त्याच क्रमाने आपल्या तक्त्यांवर चढवते. लॉगमध्ये हरकतीची मुदत नसते आणि मंडळ अधिकारीही नसतात. एवढा भेद सोडला तर साम्य पुष्कळ आहे. संगणकशास्त्रज्ञांनी आपला सहावा नमुना पाहिला होता असे नव्हे. क्रमांकित नोंदवही आधी आणि तक्ता नंतर, ही युक्ती जबाबदारीने हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही सुचण्यासारखी आहे.

नवी प्रतिकृती उभी करताना क्रमांकाचे महत्त्व ध्यानात येते. प्रथम मुळाची संपूर्ण नक्कल घेतात आणि ती लॉगच्या कोणत्या क्रमांकापर्यंतची आहे हे टिपून ठेवतात. नक्कल ४,८१२ पर्यंतची असेल तर पुढील काम ४,८१३ पासून सुरू झाले पाहिजे. ४,८१० पासून सुरू केले तर तीन बदल दोनदा चढतील, आणि त्यांत ‘खात्यात शंभर रुपये मिळवा’ असा बदल असेल तर खाते शंभराने फुगेल. ४,८१५ पासून सुरू केले तर दोन बदल कायमचे गळतील. दोन्ही चुका त्या वेळी दिसत नाहीत. प्रतिकृती तक्रार न करता चालू राहते आणि महिन्यांनंतर एखाद्या खातेदाराच्या अर्जावरून प्रकार उघडकीस येतो.

लॉगमध्ये नेमके काय लिहायचे, याविषयी दोन मते होती व आहेत. एक मत असे की दिलेला आदेश लिहावा. दुसरे असे की आदेशाचा परिणाम लिहावा. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त डेटाबेसमध्ये २००० सालच्या सुमारास प्रतिकृतीची सोय आली, तेव्हा ती आदेश पाठवत असे. ‘सर्व घरांच्या करात दहा टक्के वाढ करा’ हा आदेश एका ओळीत मावतो, मग घरे एक लाख असोत वा दहा लाख. बचत मोठी होती. पण ‘थकबाकीदारांपैकी कोणत्याही दहांना नोटीस लागू करा’ असा आदेश आला तर? मूळ डेटाबेसने निवडलेले दहा आणि प्रतिकृतीने निवडलेले दहा एकच असतील याची हमी नाही. आदेश अक्षरशः तोच, अंमल प्रामाणिक, आणि तरीही दोन ठिकाणी दोन याद्या. या कारणाने २००८ मध्ये आलेल्या ५.१ या आवृत्तीत बदललेली प्रत्येक ओळ पाठवण्याची पद्धतही दिली गेली. तिच्यात करवाढीचा एक आदेश लाखभर ओळींचा होतो. जागा व वेळ अधिक लागतो, पण संदिग्धता उरत नाही. शासकीय अभिलेखांसाठी दुसरी पद्धतच योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या मुक्त डेटाबेसने २०१० मधील ९.० या आवृत्तीपासून आपला अंतर्गत लॉगच अखंड प्रवाहाने प्रतिकृतीकडे पाठवण्याची सोय दिली.

क्रमांकाऐवजी वेळ का वापरत नाहीत, असा प्रश्न शिक्षक वाचकांच्या मनात येईल. दोन यंत्रांची घड्याळे कधीही तंतोतंत जुळत नाहीत, हे त्याचे उत्तर. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की दूरदूरच्या यंत्रांतील घटनांचा क्रम लावण्यासाठी घड्याळापेक्षा वाढता क्रमांक अधिक भरवशाचा असतो. त्या क्रमांकाच्या शिस्तीचे सर्वांत व्यापक उदाहरण आपण रोज नकळत वापरतो. इंटरनेटवरील नावाचे संगणकाच्या पत्त्यात रूपांतर करणारी जी जागतिक व्यवस्था आहे, तिचे आजही चालू असलेले नियम नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक नामसमूहाचा एक प्रमुख संगणक आणि काही दुय्यम संगणक असतात. प्रमुख संगणकाकडील यादीवर एक अनुक्रमांक असतो. दुय्यम संगणक ठरावीक कालावधीने केवळ तो अनुक्रमांक विचारतो. तो आपल्याकडील अंकापेक्षा मोठा असेल तरच यादी मागवून घेतो. १९९६ पासून प्रमुख संगणकाने आपण होऊन सूचना देण्याची व केवळ बदललेला भाग पाठवण्याची सोय झाली. येथे होणारी नेहमीची चूक अगदी कारकुनी आहे. यादी दुरुस्त केली, पण अनुक्रमांक वाढवायचे राहून गेले. दुय्यम संगणक विचारतो, अंक तोच दिसतो, आणि तो निश्चिंत राहतो. पुष्कळ जण अनुक्रमांक म्हणून त्या दिवसाची तारीख आणि पुढे दोन अंक लिहितात. त्यांत वर्ष चुकून पुढचे पडले की नंतरचे सारे बरोबर अंक लहान ठरतात आणि दुय्यम संगणक ते मानीत नाहीत.

थांबायचे की पुढे जायचे?

या विषयातील सर्वांत कठीण निर्णय धोरणाचा आहे, आणि तो तंत्रज्ञांवर सोडून देणे बरे नव्हे. मूळ डेटाबेसने नोंद लिहिली. आता प्रतिकृतीकडून ‘पोचली’ असे उत्तर येईपर्यंत त्याने अर्जदारास थांबवावे, की लगेच ‘नोंद झाली’ असे सांगून मोकळे करावे?

थांबण्याची किंमत मोजता येते. प्रकाश काचतंतूमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे सातशे किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्यास किमान सात मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग असे सात, लागणारच. प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात आणि वाटेतील यंत्रेही वेळ घेतात, म्हणून अधिकच. ही मर्यादा निसर्गाची आहे; कितीही महाग यंत्र आणले तरी ती हटत नाही. एकाच ओळीवर एकामागून एक बदल होत असतील तर सेकंदाला सुमारे १४० पेक्षा अधिक बदल या पद्धतीत होऊ शकणार नाहीत. गावाच्या फेरफाराला याचे काहीच ओझे नाही. सकाळी खिडकी उघडताच सारा देश ज्या मोजक्या जागांवर तुटून पडतो, अशा रेल्वे आरक्षणासारख्या कामात मात्र हाच आकडा अडसर ठरेल. आणखी एक अडचण आहे. प्रतिकृती एकच असेल आणि तीच बंद पडली, तर मूळ डेटाबेस धडधाकट असूनही उत्तराची वाट पाहत खोळंबतो. म्हणून अनेक ठिकाणी मधला मार्ग पत्करतात: प्रतिकृती दोन-तीन ठेवायच्या आणि त्यांपैकी कोणत्याही एकीची पोच आली की पुढे जायचे.

न थांबता पुढे गेल्यास काम वेगाने होते. पण प्रतिकृती नेहमी थोडी मागे असते. हे मागे असणे बहुधा सेकंदाच्या अंशाएवढे असते. परंतु रात्री एखादे मोठे काम, समजा संपूर्ण तालुक्याच्या आकारणीची फेरजुळणी, चालले की ते तासांवर जाते. त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. मूळ डेटाबेसमध्ये ऐंशी जण एकाच वेळी लिहीत असतात. प्रतिकृतीवर त्या सर्वांचे लेखन क्रमाने उतरवणारा नक्कलनवीस पुष्कळ काळपर्यंत एकच असे. अलीकडील आवृत्त्यांत हे काम अनेकांत वाटण्याची सोय झाली आहे, तरी ती सुरू करावी लागते.

या विलंबाचा फटका सर्वांत आधी बसतो तो प्रामाणिक नागरिकाला. त्याने घरपट्टी भरली. ती मुळात जमा झाली. लगेच त्याने पावतीचे पान उघडले. ते पान प्रतिकृतीवरून आले आणि त्यावर थकबाकी जशीच्या तशी दिसली. तो घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरतो. उपाय अवघड नाही. ज्याने नुकतेच काही लिहिले आहे त्याला काही मिनिटे मूळ डेटाबेसवरूनच उत्तर द्यावे. किंवा त्याच्या नोंदीचा लॉगमधील क्रमांक लक्षात ठेवून, तो क्रमांक ज्या प्रतिकृतीने ओलांडला आहे तिच्याकडूनच उत्तर द्यावे. आणि जे दाखले कायदेशीर व्यवहारासाठी दिले जातात त्यांवर, दाखला छापल्याच्या वेळेबरोबरच, माहिती कोणत्या वेळेपर्यंतची आहे हेही छापले जावे. या दोन वेळा एकच असतात असे आपण गृहीत धरतो, आणि आरंभी सांगितलेल्या विसाराच्या प्रसंगातील घोटाळा नेमका तेथेच आहे.

विलंब मोजण्याची एक साधी युक्ती आहे. मूळ डेटाबेसमध्ये एका ओळीचा तक्ता करून त्यात दर सेकंदाला त्या क्षणाची वेळ लिहीत राहायचे. प्रतिकृतीवर जाऊन तीच ओळ वाचली की ती किती मागे आहे ते कळते. प्रतिकृतीला स्वतःला विचारले तर ती कधी कधी ‘शून्य’ सांगते. कारण तिच्याकडे आलेला लॉग तिने पुरता उतरवलेला असतो, पण पुढचा लॉग वाटेत तुंबला आहे हे तिला ठाऊकच नसते.

मूळ कोण?

मूळ यंत्र बंद पडले की एखाद्या प्रतिकृतीला बढती देऊन तिला मूळ करतात. ही कल्पना ऐकायला सोपी आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत गिटहब या संगणकप्रणालींचा मजकूर जतन करणाऱ्या प्रसिद्ध संस्थेत काय झाले ते पाहू. देखभालीच्या नेहमीच्या कामात पूर्व किनाऱ्यावरील एक जोडणी तुटली आणि अवघ्या ४३ सेकंदांत पूर्ववत झाली. तेवढ्या अवधीत स्वयंचलित व्यवस्थेने पूर्वेकडील मूळ डेटाबेस हरवले असे समजून पश्चिम किनाऱ्यावरील प्रतिकृतींना बढती दिली. पूर्वेकडे शेवटच्या काही सेकंदांत झालेले लेखन पश्चिमेला पोचलेले नव्हते. एका गजबजलेल्या डेटाबेससमूहात असे ९५४ बदल होते. इकडे पश्चिमेला नवे लेखन सुरू झाले. आता दोघांकडेही असे काही होते जे दुसऱ्याकडे नव्हते, आणि कोणा एकाला सरसकट खरे मानता येईना. संस्थेने घाई केली नाही. सेवा लवकर पूर्ववत करण्यापेक्षा नोंदी शाबूत ठेवण्यास तिने अग्रक्रम दिला, आणि सेवा २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली. ४३ सेकंदांच्या खंडाची ही किंमत होय. तो निर्णय योग्यच होता, असे म्हणावेसे वाटते.

एकाच वेळी दोन मूळ निर्माण होऊ नयेत यासाठी बहुमताचा उपाय योजतात. तीन किंवा पाच यंत्रांचा गट करावा, आणि निम्म्याहून अधिक यंत्रे परस्परांना दिसत असतील तरच त्यांना नवे मूळ निवडता यावे. पाचांचे दोन तुकडे झाले तर तीन एकीकडे आणि दोन दुसरीकडे पडतील. दोनांच्या तुकडीने लिहिणे थांबवले पाहिजे. पंचायत सदस्यांना गणपूर्तीचा नियम माहीत आहेच. फरक इतकाच की तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीचे बंधन नसते. संगणकांच्या सभेला ही सवलत देता येत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे सुमारे चार तास बंद राहिले. पर्यायी केंद्र अस्तित्वात असूनही कामकाज तिकडे हलवले गेले नाही. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने बाजारसंस्थांना असे बंधन घातले की महत्त्वाची यंत्रणा कोलमडल्यास ३० मिनिटांत आपत्ती घोषित करावी आणि घोषणेपासून ४५ मिनिटांत काम पूर्ववत करावे. या आदेशातील ३० मिनिटांची अट आपल्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. ती यंत्राला घातलेली नाही, निर्णय घेणाऱ्या माणसाला घातलेली आहे. अनेक कार्यालयांत प्रतिकृती असते. पण ती केव्हा आणि कोणाच्या आदेशाने मूळ व्हावी, हे कोणत्याही परिपत्रकात नसते.

प्रतिकृती ही राखीव प्रत नव्हे

प्रतिकृती आहे, तेव्हा रात्रीची राखीव प्रत कशाला, हा युक्तिवाद खर्च वाचवण्याच्या बैठकीत हमखास पुढे येतो. तो घातक आहे. प्रतिकृतीला चूक आणि बरोबर यांत भेद कळत नाही. मूळ डेटाबेसमधून कोणी चुकून संपूर्ण गावाच्या नोंदी पुसल्या, तर ती पुसण्याची आज्ञाही तितक्याच तत्परतेने प्रतिकृतीपर्यंत जाते.

गिटलॅब या संस्थेवर ३१ जानेवारी २०१७ रोजी आलेला प्रसंग या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. भार वाढल्यामुळे तिची प्रतिकृती इतकी मागे पडली की तिला हवा असलेला लॉगचा भाग मुळाकडून आधीच काढून टाकला गेला होता. प्रतिकृती रिकामी करून नव्याने उभी करण्याचे काम रात्री चालू असता, पुसण्याची आज्ञा चुकून मूळ यंत्रावर दिली गेली. चूक ध्यानात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच शिल्लक उरले होते. प्रतिकृती तर आधीच रिकामी केलेली. रोजच्या राखीव प्रती पाहाव्यात तर त्या निघतच नव्हत्या: नक्कल काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते, डेटाबेस नव्या आवृत्तीचा होता, आणि काम फसल्याची सूचना देणारी टपाले वाटेतच नाकारली जात होती. चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली एक नक्कल सुदैवाने हाती होती, तिच्यावरून काम सुरू झाले. मधल्या तासांतील नोंदी मात्र गेल्या. संस्थेने ही सारी हकीकत लपवून न ठेवता स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली, हे तिचे श्रेय. त्यावरून कार्यालयप्रमुखांनी विचारावयाचा प्रश्न ‘राखीव प्रत घेता का?’ हा राहत नाही. शेवटची राखीव प्रत दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभी करून कोणत्या दिवशी पाहिली, हे विचारावे आणि तारीख मागावी.

ताळमेळ

एवढी व्यवस्था केल्यावरही प्रती हळूहळू मुळापासून सरकतात. बहुधा कारण मानवी असते. कोणी तरी घाईत प्रतिकृतीवरच दुरुस्ती करतो. फेरफार क्रमांकाशिवाय सातबाऱ्यावर पेनाने केलेली दुरुस्ती जशी, तशीच ही. तक्त्यात दिसते, नोंदवहीत सापडत नाही. म्हणून प्रतिकृतीवर लिहिण्याचा अधिकार व्यवस्थापकासही नसावा.

हस्तलिखित सातबारे संगणकावर घेतले गेले तेव्हा दोहोंत तफावती आढळल्या, हे सर्वांना स्मरत असेल. गावोगावी चावडी वाचन झाले, खातेदारांनी आक्षेप नोंदवले आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी असलेल्या कलम १५५ चा आधार घेऊन दुरुस्त्या झाल्या. यंत्र दोन प्रती भिन्न आहेत एवढेच सांगू शकते. कोणती खरी, हे त्या वेळी गावातल्या माणसांना आणि मूळ कागदांना विचारावे लागले.

संगणकातील प्रतींची तफावत शोधण्याची रीत रोकडवही आणि कोषागाराचे आकडे जुळवण्यासारखीच आहे. प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी ताडून पाहण्याऐवजी हजार-हजार ओळींचे गट पाडतात आणि प्रत्येक गटातील सर्व अक्षरांवरून गणिताने एक आकडा काढतात. एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. आकडे जुळले तर गट जुळला. जुळले नाहीत तर तेवढाच गट अधिक बारकाईने पाहायचा. अडचण अशी की मोजणी चालू असतानाही मुळात बदल होतच असतात, आणि प्रतिकृती क्षणभर मागे असते. मग दोन्हीकडची मोजणी एकाच स्थितीची कशी व्हावी? यासाठी मोजणीचा आदेशच आदेशाच्या रूपात लॉगमध्ये लिहितात. मूळ डेटाबेस त्या क्रमांकावर आपली मोजणी करतो. प्रतिकृती दहा सेकंद मागे असो वा दोन तास, ती जेव्हा त्या क्रमांकापाशी पोचते तेव्हा नेमक्या त्याच स्थितीत तीच मोजणी करते. तफावत निघाल्यास प्रतिकृतीत हाताने दुरुस्ती करीत नाहीत. तो भाग, किंवा शंका मोठी असल्यास संपूर्ण प्रतिकृती, टाकून देऊन मुळावरून नव्याने उतरवून घेतात, आणि नव्या नकलेचा लॉगमधील क्रमांक प्रथम टिपून ठेवतात.